तृतीयपंथी व्यक्तीवर हात उगारला जातो तेव्हा : शेजारी उभ्या असलेल्याने काय करावे आणि कोणत्या क्रमाने

रेल्वेच्या डब्यात, एसटी स्थानकावर, बाजारात किंवा सोसायटीच्या फाटकापाशी एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीची टिंगल सुरू होते, मग कुणीतरी ओढणी ओढते, मग हात उगारला जातो. भोवती उभ्या असलेल्या पंधरा-वीस जणांपैकी दोघा-तिघांना मनापासून वाटत असते की हे थांबले पाहिजे. हा लेख त्या दोघा-तिघांसाठी आहे. त्यांची इच्छा कमी पडत नाही, त्यांचा क्रम चुकतो. बहुतेक वेळा आधी मोबाइल बाहेर निघतो, मग त्रास देणाऱ्याशी बाचाबाची होते, मग पोलिसांना फोन जातो, आणि जिच्यासाठी हे सगळे चालले आहे तिला काय हवे आहे, हे विचारायचे राहूनच जाते. खाली दिलेला क्रम जवळजवळ याच्या उलटा आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. संध्याकाळच्या कल्याण गाडीत मुंब्रा गेल्यावर दोन तरुणांनी एका तृतीयपंथी बाईची पिशवी हिसकून तिचे केस ओढले, तेव्हा मी ओरडलो, आणखी चार जण माझ्या बाजूने ओरडले आणि डब्यात मोठे भांडण पेटले. त्या गोंधळात ती दिवा स्थानकावर उतरून गेली. तिची एक चप्पल डब्यातच राहिली होती. ते दोघेही त्याच स्थानकावर उतरले, हे माझ्या लक्षात आले तेव्हा गाडी सुटली होती. मी त्या मुलांना पुष्कळ काही बोललो होतो. तिच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

टप्पा १ : घरी बसून करायची तयारी

प्रसंग समोर उभा राहिला की सुचेल, असे समजू नये. अशा वेळी घसा कोरडा पडतो आणि साधा क्रमांकही आठवत नाही. मोबाइलमध्ये चार क्रमांक आजच साठवून ठेवावेत : आणीबाणीसाठी ११२, रेल्वेच्या मदतीसाठी १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

पाचवा क्रमांक शोधावा लागेल, आणि तो सर्वांत उपयोगी आहे : आपल्या शहरात तृतीयपंथी समूहासोबत काम करणाऱ्या संस्थेचा. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि सखी चारचौघी या संस्था पुष्कळांना ठाऊक असतात. इतर जिल्ह्यांत एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली या समूहात काम करणाऱ्या स्थानिक संस्था असतात आणि जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास त्यांचा पत्ता लागतो. मारहाण झालेल्या व्यक्तीला तुमच्या सहानुभूतीपेक्षा तिच्या ओळखीच्या माणसाचा आवाज लवकर सावरतो, म्हणून हा क्रमांक आधीपासून हाताशी असणे महत्त्वाचे आहे.

दुसरी तयारी भाषेची आहे, आणि मराठी बोलणाऱ्यांना ती मुद्दाम करावी लागते. आपल्या क्रियापदांना लिंग चिकटलेले असते. ‘कुठे चाललास’ किंवा ‘कुठे चाललीस’ म्हटले की समोरच्या व्यक्तीचा निवाडा आपण तिच्या देखत करून टाकलेला असतो. यातून वाट सोपी आहे. ‘तुम्ही’ वापरावे, कारण ‘तुम्ही कुठे निघालात’, ‘तुम्हाला लागलंय का’, ‘तुम्ही माझ्या शेजारी बसता का’ या वाक्यांत लिंग दिसत नाही. इतरांना सांगताना ‘हे माझ्यासोबत आहेत’ किंवा ‘ह्या माझ्यासोबत आहेत’ असे न म्हणता ‘आम्ही एकत्र आहोत’ म्हणावे. व्यक्ती स्वतः ‘मी आले’, ‘मी गेले’ असे बोलत असेल, तर ‘ताई’ म्हणायला हरकत नाही. ती तसे बोलेपर्यंत ‘अहो’ पुरते. ही तीन-चार वाक्ये घरात एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. जिभेला वळण नसेल, तर ऐन वेळी जुनीच सवय बाहेर पडते.

सावधान : समोरची व्यक्ती ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेला पण स्वतः पुरुष असलेला, असू शकते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात किंवा डब्यात त्याला कुणी ओळखले नसेल आणि आपण मदतीच्या भरात ‘अहो ताई’ अशी हाक मारली, तर ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही आपणच ते सांगून टाकतो. हल्ल्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

‘हिजडा’, ‘किन्नर’, ‘जोगता’, ‘पारलिंगी’, ‘ट्रान्स’ यांपैकी कोणता शब्द स्वतःला लावायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्या समूहातली माणसे एखादा शब्द आपसात अभिमानाने वापरत असली, तरी रस्त्यावर आपण तो उच्चारला की तो शिवीसारखाच ऐकू येतो.

टप्पा २ : पहिले अर्धे मिनिट फक्त पाहावे

पुढे पाऊल टाकण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. कुणाच्या हातात चाकू, ब्लेड, काठी किंवा बाटली आहे का? त्रास देणारे किती आहेत, आणि ते एकमेकांना ओळखतात की नुसते जमलेले आहेत? बाहेर पडायची वाट कोणत्या बाजूला आहे? आणि ज्या व्यक्तीला त्रास होतो आहे तिची नजर कुठे आहे? ती दाराकडे पाहत असेल, तर तिला निघायचे आहे. ती आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे पाहत असेल, तर तिला कुणीतरी सोबत हवे आहे.

प्रत्येक गलका म्हणजे हिंसा नसते, हेही याच अर्ध्या मिनिटात तपासावे. पैसे मागितल्यावर प्रवाशाने ‘नाही’ म्हणणे आणि तिने चिडून दोन शब्द बोलणे, यात आपण पडायची गरज नाही. इलाक्यावरून तृतीयपंथी व्यक्तींच्याच दोन गटांत वाद झाला असेल, तर त्याचा निवाडा बाहेरच्याने करू नये; कुणी जखमी होत असेल, तर मात्र वैद्यकीय मदत आणि पोलीस बोलावावेत.

तपासा : शस्त्र दिसले, किंवा त्रास देणारे पाच-सहा आणि आपण एकटे असू, तर टप्पा ३ सोडून थेट टप्पा ४ कडे जावे. लांब उभे राहून ११२ ला फोन करणे, हीसुद्धा पूर्ण मदत आहे.

टप्पा ३ : त्रास देणाऱ्याकडे नव्हे, त्या व्यक्तीकडे जावे

या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. त्रास देणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात आणि प्रतिस्पर्धी मिळाला, तर त्याला अधिकच चेव येतो. त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून आपण त्या व्यक्तीच्या बाजूला जाऊन उभे राहिलो आणि अगदी साधे काहीतरी बोललो, तर त्याचा खेळ मोडतो.

उभे कुठे राहायचे, ते आधी ठरवावे. दोघांच्या मध्ये घुसू नये. त्या व्यक्तीच्या बाजूला, खांद्याला खांदा लागणार नाही इतक्या अंतरावर आणि तिची बाहेर पडायची वाट अडणार नाही असे उभे राहावे. तिला हात लावू नये, खांद्यावर थोपटू नये, हात धरून ओढू नये. अनोळखी माणसाने अंगाला हात लावणे हाच तर तिच्यावर चाललेला अत्याचार असतो.

मग बोलावे. बोलणे प्रसंगाशी संबंधित नसले तरी चालते. ‘ही गाडी डोंबिवलीला थांबते का हो?’, ‘तुमची पिशवी खाली पडली आहे, देऊ का?’, ‘अहो, किती वेळ शोधतोय तुम्हाला, चला, तिकडे सगळे थांबलेत’ यांपैकी कोणतेही वाक्य चालेल. तिसरे वाक्य खोटे आहे, हे तिला लगेच कळते, आणि ते तिला सोयीचे असेल, तर ती त्याला धरून आपल्यासोबत निघते. सोयीचे नसेल, तर ती मान हलवते. त्याचाही मान राखावा.

दुसरे वाक्य प्रश्नाचे असावे, आणि तो प्रश्न तिने हो किंवा नाही एवढेच म्हणून सुटेल असा असावा : ‘मी इथे थांबू का?’, ‘पुढच्या स्थानकावर सोबत उतरू का?’, ‘पोलिसांना फोन करू का?’ हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. ‘काय झालं, कशावरून झालं’ असे विचारू नये. घाबरलेल्या माणसाला भर गर्दीत हकिगत सांगायला लावणे म्हणजे तिला सर्वांसमोर पुन्हा उभे करणे होय.

पोलिसांचा प्रश्न तिसरा का आहे, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याला पोलीस म्हणजे मदत वाटते. तिचा अनुभव तसा असेलच असे नाही. तिचे पोट मंगतीवर, म्हणजे पैसे मागण्यावर, चालत असेल, तर रेल्वे कायद्याचे कलम १४४ आणि १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा तिच्या डोक्यात आधी येतो, आणि तक्रार करायला गेल्यावर आपल्यालाच बसवून ठेवतील, ही तिची भीती निराधार नसते. म्हणून जिवाला धोका नसेल, तर तिच्या होकारावाचून पोलिसांना बोलावू नये. जिवाला धोका असेल, रक्त वाहत असेल किंवा ती बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर विचारत बसू नये.

नेहमी होणाऱ्या चुका या टप्प्यात तीन आहेत. पहिली, ‘तुमचं खरं नाव काय?’ असे विचारणे. ती सांगेल ते खरे नाव. दुसरी, तिच्या वतीने गर्दीला तिची ओळख समजावून सांगणे. तिसरी, ‘घाबरू नका’ असे पुन्हा पुन्हा म्हणणे. घाबरण्यासारखेच घडते आहे आणि ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.

टप्पा ४ : आजूबाजूच्यांना कामे वाटून द्यावीत

‘कुणीतरी पोलिसांना फोन करा’ असे म्हटले की कुणीच करत नाही. एका माणसाकडे पाहून, त्याच्या कपड्याचा रंग सांगून, एकच काम द्यावे : ‘निळा शर्टवाले काका, तुम्ही ११२ लावा’, ‘ताई, तुम्ही त्या खिडकीपाशी यांना जागा द्या’, ‘दादा, तुम्ही दारात उभे राहा’. नाव घेऊन किंवा खूण सांगून काम दिले की माणूस सहसा नाही म्हणत नाही. तो तेवढ्याचीच वाट पाहत असतो.

रेल्वेत १३९ ला फोन करताना गाडी कोणत्या दिशेची आहे, जलद की धीमी, कितवा डबा आणि पुढचे स्थानक कोणते, हे चार तपशील आधी सांगावेत. घटनेचे वर्णन नंतर करावे. डब्याचा क्रमांक दिसत असेल, तर तोही द्यावा.

सावधान : दोन स्थानकांच्या मध्ये साखळी ओढू नये. गाडी पुलावर किंवा रुळांच्या गर्दीत थांबली की त्रास देणारा आणि त्रास सोसणारी व्यक्ती एकाच डब्यात अडकून पडतात, आणि उतरण्याची वाट उरत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये पुढचे स्थानक बहुधा तीन-चार मिनिटांवर असते. तेवढा वेळ बाजूला उभे राहून काढावा.

महिलांच्या डब्यातला प्रसंग थोडा वेगळा असतो. तृतीयपंथी बाई चढली की ‘हा लेडीज आहे, उतर’ असा आवाज येतो आणि मग तिला दाराकडे ढकलले जाते. धावत्या गाडीत दाराकडे ढकलणे हा जिवाशी खेळ आहे. अशा वेळी नियमाचा वाद घालू नये. दारातल्या बायकांना ‘आधी आत सरका, बोलायचं ते स्टेशन आल्यावर बोलू’ असे मोठ्याने सांगावे आणि तिला दारापासून आत घ्यावे. दार आणि ती यांच्यात अंतर पडले की निम्मा धोका टळतो.

टप्पा ५ : त्रास देणाऱ्याशी बोलायचेच असेल, तर

हा टप्पा ऐच्छिक आहे. ती व्यक्ती सुरक्षित जागी सरकली असेल, शस्त्र नसेल आणि आपल्यासोबत निदान दोघे उभे असतील, तरच तो करावा. बोलणे एका वाक्याचे असावे, आवाज खालच्या पट्टीत असावा आणि वाक्यात शिवी नसावी : ‘हात खाली घ्या’, ‘पिशवी परत द्या’, ‘इथून बाजूला व्हा’. वाक्य त्याच्या कृतीविषयी असावे, त्याच्या संस्कारांविषयी नसावे.

गर्दीतून एक मुद्दा हमखास येतो : ‘हे लोक पैशासाठी किती त्रास देतात, तुम्हाला माहीत नाही.’ त्यावर चर्चा करू नये. ‘त्रास झाला असेल, तर तक्रार करता येते, मारता येत नाही’ एवढे म्हणून थांबावे. हे वाक्य पुरेसे आहे आणि ते खरे आहे. भिकेचा प्रश्न, रोजगाराचा प्रश्न, त्यांना कामावर कोण ठेवतो हा प्रश्न मोलाचा आहे, पण रक्त वाहत असताना तो काढणाऱ्याला फक्त वेळ काढायचा असतो.

कायद्याने दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ व ३५ मध्ये तो आहे. तथापि तो बचावापुरताच आहे. हल्ला थांबल्यावर पाठलाग करून मारले, तर आपणच आरोपी होतो आणि जिला मदत करायला गेलो तिला साक्षीदार म्हणून फेऱ्या घालायला लावतो.

मुले पळवल्याची अफवा असेल, तर वेगळे वागावे

या एका प्रसंगात वरचा क्रम बदलतो, म्हणून तो स्वतंत्र लिहितो आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादेत अशाच अफवेवरून जमावाने केलेल्या मारहाणीत एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव गेला. दारोदार फिरून पोट भरणारे, वेगळे कपडे घालणारे आणि गावात कुणी ओळखत नसलेले लोक या अफवेचे पहिले बळी ठरतात.

जमाव जमू लागला आहे पण अजून हात पडलेला नाही, अशी काही मिनिटे असतात. त्या मिनिटांत सर्वांत आधी ११२ ला फोन करावा आणि ‘मुले पळवल्याच्या अफवेवरून जमाव जमला आहे’ हे शब्द जसेच्या तसे वापरावेत. ‘भांडण चालले आहे’ असे सांगितले, तर पोलीस त्या तातडीने निघत नाहीत. दुसरे, त्या व्यक्तींना एखाद्या बंद होणाऱ्या जागेत न्यावे : दुकान, ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळेची खोली, मंदिराचे कोठार. मात्र ती जागा अशी असावी जिला मागचे दार आहे किंवा जिच्या दारात गावातली चार मान्यवर माणसे उभी राहतील. राईनपाड्यात त्या पाचही जणांना खोलीत कोंडूनच मारले गेले होते. तिसरे, जमावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, शिक्षिकेला किंवा पोलीस पाटलाला गाठून एकच प्रश्न मोठ्याने विचारायला सांगावे : ‘कुणाचं मूल हरवलंय? नाव सांगा.’ नाव सांगणारा सहसा निघत नाही आणि पुढच्या रांगेतली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. त्यात जी पाच-दहा मिनिटे जातात तीच मिळवायची असतात. जमावाच्या मध्ये एकट्याने उडी घेऊ नये.

टप्पा ६ : चित्रण, आणि ते कुणी करावे

आधीच कुणी मदत करत असेल, तरच चित्रण करावे. कुणीच मदत करत नसेल, तर मोबाइल खिशात ठेवून टप्पा ३ कडे जावे. चित्रण लांबून आणि स्थिर हाताने करावे. त्रास देणाऱ्यांचे चेहरे, स्थानकाची पाटी किंवा दुकानाचे नाव त्यात यावे. त्या व्यक्तीचे कपडे ओढले जात असतील, तर कॅमेरा तिच्यावरून काढून घ्यावा. तारीख, वेळ आणि ठिकाण आपल्या आवाजात एकदा बोलून ठेवावे.

चित्रण कुणालाही पाठवू नये. ते फक्त त्या व्यक्तीचे आहे. तिला हवे असेल, तर द्यावे, नको असेल, तर तिच्यासमोर पुसून टाकावे. चांगल्या हेतूने समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रणामुळे घरी ठाऊक नसलेल्यांना घरी कळते, घरमालकाला कळते, आणि मग दुसरा हल्ला घरात होतो. पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर मूळ फाइल कापू नये, तिच्यावर काही लिहू नये आणि ती त्याच मोबाइलमध्ये राहू द्यावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण उपलब्ध असले, तर ते काम सोपे होते.

टप्पा ७ : तिथून निघणे आणि उपचार

हल्ला थांबला की लोक पांगतात. दिव्याला माझ्याकडून चूक झाली ती नेमकी इथे. त्रास देणारे कोणत्या दिशेने गेले ते पाहावे आणि त्या व्यक्तीला ‘पाच मिनिटं थांबून निघूया का?’ असे विचारावे. फलाटावर असाल, तर स्थानक अधिकाऱ्यांच्या खोलीजवळ किंवा उजेडात थांबावे. रिक्षात बसवून देताना रिक्षाचा क्रमांक तिच्यादेखत टिपावा. तिच्या घरापर्यंत जाण्याचा आग्रह धरू नये. आपण कुठे राहतो हे अनोळखी माणसाला दाखवणे तिला नको असू शकते.

मार लागला असेल, तर रुग्णालयात जाण्याचे विचारावे. अंगावर खूण दिसत नसली, तरी डोक्याला किंवा पोटाला लागले असेल, तर आग्रह करावा. तातडीचा उपचार आधी आणि कागदपत्रे व पोलीस नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘आधी तक्रार आणा’ असे सांगितले गेले, तर हे शांतपणे सांगावे. केसपेपर काढताना ती सांगेल ते नाव लिहायला सांगावे. स्त्रियांचा कक्ष की पुरुषांचा, हा प्रश्न निघेल. उत्तर तिला द्यायला लावावे, पण मोठ्याने ओरडून नव्हे, तर खिडकीपाशी हळू आवाजात. मारहाणीच्या जखमा ‘वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण’ म्हणून नोंदवायला सांगाव्यात. तिने आज तक्रार करायची नाही असे ठरवले आणि महिन्याने मन बदलले, तर हाच कागद उपयोगी पडतो.

टप्पा ८ : पोलीस ठाण्यात सोबत

तिने हो म्हटले, तरच जावे. जाण्याआधी दहा मिनिटे बसून घटनाक्रम कागदावर उतरवावा : केव्हा, कुठे, कोण, काय केले, काय शब्द वापरले, कोणी पाहिले. शब्द जसेच्या तसे लिहावेत, शिव्यांसकट. ठाण्यात ‘अश्लील शब्द वापरले’ असे मोघम लिहिले जाते आणि पुढे त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

गुन्हा कोणत्या हद्दीत घडला, यावरून आपल्याला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. धावत्या गाडीतल्या घटनेत हे फार उपयोगी पडते, कारण कळवा, मुंब्रा आणि दिवा यांच्यामध्ये नेमके कुठे काय झाले, हे सांगणे कुणालाच जमत नाही. नोंदीची प्रत माहिती देणाऱ्याला मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय उठू नये. नोंद नाकारली, तर त्याच कलमानुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती पाठवता येते आणि तिथेही काही झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

कलमांविषयी एक महत्त्वाची गोष्ट. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा २०१९ साली संमत झाला तेव्हा त्याच्या कलम १८ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक व आर्थिक छळ, सार्वजनिक जागेतून अडवणे आणि घरातून किंवा गावातून हुसकावणे, या गुन्ह्यांना सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा ठेवली होती. केवळ या कायद्याखाली नोंद झाली, तर गंभीर मारहाणीलाही शिक्षा कमी पडते. म्हणून भारतीय न्याय संहितेची घटनेला लागू होणारी कलमेही लावण्याची विनंती करावी : दुखापतीसाठी ११५, गंभीर दुखापतीसाठी ११७, अडवून ठेवण्यासाठी १२६, पिशवी किंवा मोबाइल हिसकावण्यासाठी ३०४, धमकीसाठी ३५१. कायद्यात बदल होत असतात, तेव्हा १५१०० वर फोन करून किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून कलमांची खात्री करून घ्यावी.

तपासा : ठाण्यातून निघण्याआधी तीन गोष्टी हातात आहेत का, ते पाहावे. नोंदीची प्रत, तपास अधिकाऱ्याचे नाव व क्रमांक, आणि तिने सांगितलेले नाव कागदावर बरोबर लिहिले आहे याची खात्री. ओळखपत्रावरचे नाव वेगळे असेल, तर दोन्ही नावे ‘उर्फ’ लावून लिहायला सांगावीत. नाहीतर पुढे न्यायालयात ती व्यक्ती हीच का, असा प्रश्न उपस्थित होतो.

ठाण्यात आपले काम फार थोडे असते. बोलायचे तिने, बसायचे आपण. हवालदाराने आपल्याकडे पाहून प्रश्न विचारला, तरी ‘त्याच सांगतील’ म्हणून तिच्याकडे वळावे. तो ट्रान्स पुरुष असेल, तर ‘तेच सांगतील’ म्हणावे. आपण पाहिलेले मात्र आपल्या नावाने साक्ष म्हणून लिहून द्यावे आणि त्यासाठी पुढे बोलावणे आले, तर जावे. मदतीला आलेले नऊ जण निघून जातात आणि खटला साक्षीदाराअभावी पडतो, हे वारंवार घडते. तिला खरी मदत अनेकदा दोन वर्षांनी, कोर्टाच्या एका तारखेला हजर राहण्यातून होते.

हिंसा घरातली असेल, तर

शेजारच्या घरातला मुलगा मुलीसारखा वागतो म्हणून किंवा मुलगी केस कापून शर्ट घालते म्हणून मारहाणीचे आवाज येत असतील, तर दार वाजवून समजावायला जाऊ नये. आपण गेल्यावर राग त्याच मुलावर निघतो. घरी काहीतरी मागायला जाण्याचे निमित्त काढावे : साखर, शिडी, गॅसची पावती, काहीही. दार उघडले की मारहाण तेवढ्यापुरती थांबते आणि मुलाची स्थिती पाहता येते. नंतर ते मूल जिन्यात किंवा नळावर एकटे भेटेल तेव्हा ‘माझ्या घरी केव्हाही ये, काही सांगावं लागणार नाही’ एवढेच सांगावे. वय १८ पेक्षा कमी असेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे. वय १८ पूर्ण असेल आणि ती व्यक्ती घर सोडून गेल्यावर घरचे ‘हरवल्याची’ तक्रार घेऊन पोलिसांसह शोधत आले, तर आपल्याला ठावठिकाणा माहीत असला तरी तो देऊ नये. त्या व्यक्तीला कळवावे आणि आपण सज्ञान असून स्वेच्छेने घर सोडले आहे, असा जबाब वकिलासोबत जवळच्या ठाण्यात देण्याचे सुचवावे. तसा जबाब नोंदला गेला की शोध थांबवण्याची मागणी तिला करता येते.

टप्पा ९ : पुढचे आठ दिवस

दुसऱ्या दिवशी एक संदेश पाठवावा, तोही तिने क्रमांक दिला असेल तरच : ‘काल सोबत होतो. औषध घेतलंत का?’ उत्तर आले नाही, तर पुन्हा पाठवू नये. तिची गोष्ट ऑफिसात, मित्रांत किंवा घरी नाव-ठिकाणासह सांगू नये.

स्वतःकडेही पाहावे. रात्री झोप न लागणे, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. आठवड्याहून अधिक काळ टिकले, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि ज्या स्थानकावर, ज्या फाटकापाशी हे घडले, तिथे पुढच्या आठवड्यात त्याच वेळी एकदा जाऊन यावे. फुलवाला, पानवाला, सुरक्षारक्षक, बूटपॉलिशवाला यांना तिथे रोज काय घडते ते ठाऊक असते. त्यांच्याशी ओळख करून आपला क्रमांक देऊन ठेवावा आणि पुढच्या वेळी कुणाला फोन करायचा, हे त्यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत एकदा म्हणवून घ्यावे.